ऐकू आलं नाही

ढाल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पुतळ्याच्या हातातली गोल, पितळी फुलं ठोकलेली ढाल येत असेल. मी तशी देखणी नाही. मी पोलिसांची ढाल. काळी, उभट, माणसाला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत झाकणारी. वरच्या भागात जाड काचेची छोटी खिडकी, मागे हात अडकवायला पट्टा आणि मूठ, एवढंच माझं रूप. सध्या मी एका मोठ्या दालनात काचेच्या कपाटात उभी असते आणि लोक माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. माझ्या अंगावर, खिडकीच्या जरा खाली, एक खड्डा आहे. फोटो त्या खड्ड्यासाठी असतो.

खड्ड्याखाली पाटी लावली आहे. पाटीवर जे लिहिलंय ते खोटं आहे, म्हणून मी बोलायचं ठरवलं.

माझा जन्म कारखान्यातला. चिवट धाग्यांचे थर एकावर एक रचून, तापवून, अवाढव्य यंत्राखाली दाबून मला घडवलं. एकाच खेपेतल्या आम्ही पुष्कळ बहिणी होतो. त्यातल्या एकीला बाजूला काढलं, मैदानात उभं केलं आणि तिच्यावर गोळ्या झाडून पाहिल्या. तिने सगळ्या झेलल्या, पण ती तिथेच संपली. तिच्या भरवशावर आम्हा बाकीच्यांच्या पाठीवर शिक्का बसला. दुसऱ्याच्या जिवावर मिळालेला तो विश्वास घेऊन मी एका लाकडी खोक्यात पडले आणि पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्रात पोचले.

खोकं उघडलं ते उस्तादांनी. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. बुटके, रुंद बांध्याचे, मिशीची टोकं पांढरी झालेली. वर्षानुवर्षं ढाल धरून डावा खांदा उजव्यापेक्षा थोडा खाली आलेला. कुणी हत्यार घेऊन घरात दडून बसलं, कुणाला ओलीस धरलं की जे विशेष पथक बोलावलं जातं, त्याचे ते कितीतरी वर्षांचे म्होरके, आणि नव्या पोरांना शिकवणारेही तेच. त्यांनी मला बोटाने वाजवून पाहिलं, उचललं, आणि म्हणाले, "जड आहे. बरं झालं. हिला घेऊन कुणाला पळता येणार नाही."

पथकातल्या पोरांनी माझं नाव सासूबाई ठेवलं. उस्तादांनी विचारलं, सासूबाई का? एक जण म्हणाला, "अंगाने भारी, कायम सगळ्यांच्या पुढे, आणि त्यांच्याकडे पाठ फिरवली की आपलं संपलं." उस्ताद मिशीत हसले. "मग नीट वागवा," ते म्हणाले. "दारावर आपटल्या तर घरी जेवायला मिळायचं नाही."

शिकवण्याची त्यांची तऱ्हा निराळी होती. पहिल्या दिवशी ते भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवायचे. मला सरळ धरून, माझ्या खिडकीतून पाहत, अख्खं पान मोठ्याने वाचायचं. हात थरथरला की अक्षरं हलायची, आणि उस्ताद शांतपणे म्हणायचे, "पुन्हा पहिल्यापासून." एका पोराच्या वाट्याला राशिभविष्य आलं. 'आज शारीरिक कष्ट टाळावेत' इथे आला आणि त्याचा हात जो गळाला, तो गळालाच.

दुसरा धडा कुणालाच आवडत नसे. उस्ताद एकेकाला रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसवायचे, दार लावायचे, आणि बाकीच्यांना मला पुढे धरून आत पाठवायचे. "समोरून कसं दिसतं ते बघून घ्या," एवढंच सांगायचे. समोरून काय दिसतं? एक काळी भिंत चालत येते. तिला डोळा आहे, चेहरा नाही. त्या खुर्चीवरून उठलेली पोरं दिवसभर कमी बोलायची.

आणि मग प्रश्न. "ढाल कशासाठी?"

"गोळी अडवायला, उस्ताद."

"चूक. वेळ मिळवायला. मागे उभ्या असलेल्याला पहिली गोळी झाडायची गरज पडू नये, म्हणून ढाल. ढालीमागे उभा राहूनही ज्याला घाई आहे, त्याने ती खाली ठेवावी आणि दुसरी नोकरी बघावी."

मला हे ऐकून बरं वाटायचं. मला वाटायचं, आपण चांगल्या माणसाच्या हाती पडलो.

लंबू आला तो दाराच्या चौकटीखालून वाकून. एवढा उंच पोरगा पथकात पूर्वी आला नव्हता. माझ्यामागे तो मावेना. डोकं लपवलं की पाय उघडे, पाय लपवले की टोपी वर. बाकीचे हसायचे. उस्ताद हसले नाहीत. सगळे गेल्यावर ते त्याला थांबवून घ्यायचे आणि गुडघ्यात वाकून चालायला शिकवायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मला पुढे धरून. लंबूच्या मांड्या भरून यायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, पण तो सोडायचा नाही.

उस्तादांचं घर मैदानाला लागूनच होतं. दिवेलागणीला त्यांच्या बायको, पथकाच्या वहिनी, व्हरांड्यातून हाक मारायच्या, "अहो, त्या पोराला सोडा आता. आणि दोघंही जेवायला या." लंबू मला खांद्याला लावून तसाच त्यांच्या दारी जायचा. मी बाहेर भिंतीला टेकलेली, आणि आतून ताटांचा आवाज, त्यांच्या मुलीचं खिदळणं. ती त्याला दादा म्हणायची. लंबूला आई-बाप नव्हते, चुलत्याच्या घरी तो नको असलेल्या पाहुण्यासारखा वाढला होता. वहिनींनी पहिल्यांदा त्याच्या पानात त्याने न मागता वाढलं, तेव्हा तो बराच वेळ जेवलाच नाही, असं वहिनी नंतर उस्तादांना सांगत होत्या.

लंबूची पहिली खरी मोहीम एका बंद गोदामात होती. दरोडा घालून पळालेला एक जण आत लपला होता. मी लंबूच्या हातात, त्याच्या खांद्यावर उस्तादांचा हात. आत शिरताच गोळी सुटली, शेजारच्या पत्र्याच्या पिंपावर आदळली, आणि असा आवाज झाला की लंबूने मला सोडून दिलं. कानांवर हात ठेवून तो मटकन खाली बसला.

उस्ताद त्याला ओलांडून पुढे आले. मला उचललं, पण स्वतःपुढे नाही धरलं, लंबूपुढे धरलं. मी एक आणि माणसं दोन. दुसरी गोळी उस्तादांच्या नडगीत शिरली. ते तसेच उभे राहिले आणि अंधारात लपलेल्या माणसाशी बोलत राहिले, घरातल्या कुणाशी बोलावं तसं. शेवटी तो हात वर करून बाहेर आला.

परतताना गाडीत लंबू रडत होता. "उस्ताद, मी ढाल टाकली."

"निसटली," उस्ताद म्हणाले. "मूठ घामाने निसटते."

"तुम्ही वर सांगाल?"

"काय सांगायचं? पहिल्या वेळी मीसुद्धा टाकली होती. फक्त बघायला कुणी नव्हतं. आता गप्प बस जरा, पाय दुखतोय."

वर सांगताना उस्तादांनी लंबूचं कौतुकच केलं. पाय मात्र पूर्ण बरा झाला नाही. ते लंगडू लागले, पळापळीच्या मोहिमा सुटल्या. शिकवणं राहिलं, आणि कुणाशी बोलून मार्ग काढायचा असला की अजूनही त्यांनाच बोलावत, कारण तसं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

लंबू खात्याची परीक्षा देऊन अधिकारी झाला. परीक्षेच्या दिवसांत उस्तादांनी त्याला ड्युटीतून मोकळं ठेवलं, वहिनींनी डबे पाठवले. काही वर्षं तो दुसरीकडे होता. परत आला तो पथकाचा प्रमुख होऊन, उस्तादांच्या वर. पहिल्या दिवशी तो वहिनींच्या पाया पडायला गेला. मग जाणं कमी झालं. चारचौघांत तो उस्तादांना आडनावाने हाक मारू लागला. उस्ताद सलाम ठोकायचे, आणि त्यांना खरोखर अभिमान वाटत होता, हे त्यांच्या हातात असल्याने मला कळायचं.

पण मला लंबूची नजरही दिसायची. उस्ताद लंगडत मैदान ओलांडू लागले की तो दुसरीकडे पाहायचा. आपल्याला कानांवर हात ठेवून बसलेलं ज्याने पाहिलं, तो रोज डोळ्यांसमोरून लंगडत जातो, हे त्याला सोसत नसावं. माणसाला उपकार एक वेळ विसरता येतात. आपलं भेदरलेलं तोंड पाहिलेला माणूस मात्र नजरेसमोर नको होतो.

आणि मग ती दुपार आली.

एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, लिफ्ट दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन दार लावून बसला होता. बायको मुलीला घेऊन निघून गेली होती, आणि त्या सकाळी तिने फोनवर सांगितलं होतं की आता मुलगी भेटणार नाही. त्याच्याकडे वडिलांची शिकारीची बंदूक होती. एक गोळी त्याने छतात झाडली होती. शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला.

उस्तादांनी मला हातात घेतलं आणि जिने चढले, कारण लिफ्ट बंद होती. त्यांच्या मागे पथकातले दोघे. एक पैलवान, मानेपेक्षा दंड जाड असलेला. दुसरा मास्तर, जो आधी शाळेत शिकवायचा. दोघेही उस्तादांनी घडवलेले. रीत अशी, की मागच्याने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. पैलवानाचा हात उस्तादांच्या खांद्यावर, मास्तरचा पैलवानाच्या. एकमेकांचा श्वास ऐकू येईल इतके जवळ.

उस्तादांनी दारावर टकटक केलं. "मी पोलिसातला माणूस. मी आत येणार नाहीये. तुमची लिफ्ट बंद आहे, माझा पाय अधू आहे, जिना चढून दम लागलाय. जरा बसतो इथेच."

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "ती दुसऱ्या मजल्यावर अडकते. दाराचं लॉक घासलंय. मी सोसायटीला सांगितलं होतं."

"ऐकलं नाही?"

"कोण ऐकतं?"

असं सुरू झालं. उस्तादांनी त्याला लिफ्टबद्दल विचारलं, मुलीबद्दल विचारलं. मुलीला लिफ्टच्या छतावर बसून वर जायचंय, असा तिचा हट्ट असायचा, हे सांगताना तो हसला आणि मग रडला. ऊन जिन्याच्या खिडकीतून एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं. शेवटी त्याने साखळी लावून दार हातभर उघडलं. फटीतून मला ते घर दिसलं. तो जमिनीवर भिंतीला टेकून, मांडीवर बंदूक. मागे खाटेवर त्याची आई, पदर तोंडाशी धरलेला. पलीकडे बाल्कनीचं काचेचं दार.

"मी बंदूक ठेवली तर तुम्ही घुसाल," तो म्हणाला.

"नाही. माझा शब्द आहे. कुणी आत येणार नाही. बंदूक ठेवायची, मावशींना बाहेर पाठवायचं, मग तू तुझ्या पायांनी बाहेर यायचं. मी तुझ्याबरोबर खाली चालेन. हळूहळू, कारण मला जिना उतरायला वेळ लागतो."

तेवढ्यात उस्तादांचा मोबाइल थरथरला. खालून लंबूचा फोन होता. खाली वरिष्ठ होते, कॅमेरे होते, रस्ता अडलेला होता. उस्तादांनी हळू आवाजात, पण स्पष्ट सांगितलं, "नको. मुळीच नको. तो बंदूक ठेवतोय. मला थोडा वेळ द्या." पलीकडून लंबू काही बोलला. उस्ताद म्हणाले, "साहेब, मी त्याला शब्द दिलाय." आणि फोन बंद झाला. पैलवानाचा हात उस्तादांच्या खांद्यावर होता. मास्तरचा कान उस्तादांच्या डोक्यापासून वीतभर.

आत मेकॅनिकने बंदूक उचलली, आडवी केली, आणि ती फरशीवर टेकवायला तो वाकला. त्याच वेळी बाल्कनीत वरून सावल्या उतरल्या. लंबूने शेजारच्या गच्चीवरून दुसरी तुकडी सोडली होती.

उस्ताद सगळ्या ताकदीनिशी ओरडले, "थांबा. ठेवतोय तो. थांबा."

काच फुटली. मी त्या माणसाचा चेहरा पाहिला. त्याने बाल्कनीकडे नाही पाहिलं, त्याने दाराकडे पाहिलं. त्या दचकण्यात बंदूक उडाली आणि गोळी फटीतून येऊन माझ्या अंगात रुतली. पुढच्या क्षणी बाल्कनीतून गोळ्या सुटल्या, आणि तो माणूस तिथेच भिंतीशी कलंडला.

माझं काम मी केलं होतं. उस्तादांना खरचटलंसुद्धा नाही. पण गोळी लागल्यासारखे ते जिन्यात बसून होते.

म्हातारीला दोन शिपाई धरून बाहेर घेऊन आले. उस्तादांसमोर ती थांबली. ती ओरडली नाही. म्हणाली, "तू म्हणाला होतास, कुणी येणार नाही." उस्ताद तसं म्हणालेच होते.

चौकशी बसली. मला पुरावा म्हणून नेलं आणि टेबलावर पांढऱ्या कापडावर आडवं ठेवलं, त्यामुळे मी सगळं ऐकलं. अध्यक्ष सारखे पेनाचं टोपण काढायचे आणि लावायचे. आधी लंबू आला, उभा राहिला. म्हणाला, उस्तादांनीच फोनवर सांगितलं की आता बोलून उपयोग नाही, आत शिरा. म्हणाला, बोलणं फार लांबलं होतं, माणूस बिथरला होता, त्याने दारावर गोळी झाडली, म्हणून तुकडीला गोळीबार करावा लागला. म्हणाला, "त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण वय होतं, सर."

माझ्या मुठीवरची त्याची बोटं मी ओळखत होते. ज्या हाताने त्याने मला गुडघ्यात वाकून मैदानभर धरलं होतं, तोच हात आता पाठीमागे बांधलेला होता.

उस्तादांनी घडलं ते एकदा सांगितलं, जास्तीचा एक शब्द नाही. अध्यक्षांनी विचारलं, "फोनवर तुम्ही नको म्हणालात, याला कुणी साक्षीदार?"

"माझ्या मागे दोघे होते. त्यांना विचारा."

पैलवान आला. एवढा मोठा माणूस खुर्चीत आक्रसून बसला. "उस्ताद फोनवर काय म्हणाले?"

"ऐकू आलं नाही, सर."

"ते ओरडले, थांबा म्हणाले, असं त्यांचं म्हणणं आहे."

"काच फुटली ना, सर. ऐकू आलं नाही."

मग मास्तर. त्याने चष्मा पुसला, परत लावला. त्यानेही तेच सांगितलं, फक्त शुद्ध भाषेत. "मला ते ऐकू आलं नाही." दोघांपैकी कुणीही उस्तादांकडे पाहिलं नाही. दोघांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली. मला तोंड असतं तर, असं मला आयुष्यात त्याच दिवशी वाटलं.

"आणि ती बाई?" अध्यक्षांनी विचारलं. "ती तर आत होती."

"त्यांची मनःस्थिती ठीक नाही," लंबू म्हणाला. "त्रास द्यायला नको." अध्यक्षांनी टोपण लावलं. तिला कुणी बोलावलंच नाही.

उस्तादांना शिकवण्यावरून काढून कोठारात बसवलं. वयाचा विचार करून, असं कारण दिलं. लंबूला पदक मिळालं. मलाही कोठारात परत पाठवलं, मुठीला चिठ्ठी बांधून. जुनी हेल्मेटं, फाटकी जाकिटं, तुटक्या लाठ्या आणि आम्ही दोघं.

उस्तादांनी मला ओल्या फडक्याने पुसलं. खड्ड्याला बोट लावलं नाही.

एकदा पैलवान तिथे आला. दारातच उभा राहिला. "उस्ताद, मुलं लहान आहेत. साहेबांनी बोलावून सांगितलं, बदली कुठे होईल सांगता येत नाही. माझा नाइलाज होता."

"मला कशाला सांगतोस?" उस्ताद म्हणाले. "माझी नोकरी संपतच आली. त्या मावशींना जाऊन सांग, की दाराबाहेरचा माणूस खोटं बोलला नव्हता. एवढंच कर."

पैलवान "हो" म्हणाला. पुन्हा कधी आला नाही, आणि तो तिकडे गेला नाही हे उस्तादांना न सांगता कळलं. मग ते स्वतः गेले. दोनदा गेले. मुलगी एकदा कोठारात डबा घेऊन आली होती, तिला सांगत होते, "शेजारीण म्हणाली, त्यांना कुणाशी बोलायचं नाही. दार बंदच होतं. दाराबाहेर उभं राहून बोलायची मला सवय आहे गं, पण त्या दारापुढे तोंड उघडेना."

"बाबा, तुम्ही वर्तमानपत्रात का जात नाही? सगळं सांगून टाका."

"काय सांगू? माणूस गेला, हे खरंच आहे. मी त्याला शब्द दिला, हेही खरं आहे. बाकी कोण काय म्हणालं, याने त्याला काय फरक पडतो?"

"आणि दादा?"

उस्ताद बराच वेळ हेल्मेटं एकात एक रचत राहिले. "त्याला गुडघ्यात वाकायला शिकवलं," ते म्हणाले. "तो फार लवकर शिकला."

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मला या दालनात आणून काचेमागे उभं केलं. एकाच दिवशी दोन कार्यक्रम उरकले, त्यांचा निरोप आणि माझं अनावरण. लंबूने भाषण केलं, उस्तादांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, टाळ्या झाल्या. चहा सुरू झाल्यावर उस्ताद माझ्यासमोर आले. खिशातून चष्मा काढला आणि पाटी वाचली. 'माथेफिरू हल्लेखोराने पथकावर केलेल्या गोळीबाराची साक्ष. या धाडसी मोहिमेचे नेतृत्व…' आणि पुढे लंबूचं नाव.

लंबू शेजारी येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "खात्याची गरज होती, उस्ताद. तुम्ही समजून घ्याल." कितीतरी वर्षांनी तो त्यांना उस्ताद म्हणाला होता.

"माझं नाव गाळलंस, त्याचं काही नाही," उस्ताद म्हणाले. "पण तो बंदूक ठेवत होता रे. त्याची मुलगी मोठी होऊन हे वाचेल. तिच्या बापाबद्दल असं का लिहिलंस?"

लंबूला कुणीतरी फोटोसाठी हाक मारली. तो गेला. उस्तादांनी चष्मा मिटला, घड्याळाचं खोकं काखेत मारलं आणि लंगडत दाराबाहेर पडले. वहिनी बाहेरच थांबल्या होत्या, त्या आत आल्याच नाहीत. घर रिकामं करून दोघं मुलीच्या गावी गेले, असं झाडूवाला कुणाला तरी सांगत होता. कुठलं गाव, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून मी अशीच. नव्या तुकड्या येतात, लंबूसाहेब त्यांना मोहिमेची गोष्ट सांगतात. दर वेळी ती जरा वाढते. आता मेकॅनिक तीन गोळ्या झाडतो. वर्तमानपत्र चिकटवून वाचायला कुणी लावत नाही, खुर्चीवर कुणी बसवत नाही. पोरं मला पाहतात ती फक्त समोरून, काचेतून, हसत.

मागच्या महिन्यात केंद्र लोकांना पाहायला खुलं होतं. गर्दी ओसरली होती. एक म्हातारी शेजारणीचा हात धरून आली. शेजारणीने तिला पाटी वाचून दाखवली. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग काचेवर पंजा टेकला, बरोबर त्या खड्ड्यावर. मी तिला ओळखलं.

दालनावरच्या पहारेकऱ्याला तिने विचारलं, "अरे, ही ज्याच्या हातात होती, तो माणूस कुठे भेटेल?"

"साहेब ना? ऑफिसात आहेत. पण वेळ घ्यावी लागेल, आजी."

"तो नाही. दाराबाहेर बसून बोलत होता तो. पाय अधू आहे म्हणाला होता."

पहारेकरी नवीन होता. त्याने मान हलवली. "असं कुणी नाही इथे."

"माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं," ती म्हणाली, पहारेकऱ्याला की शेजारणीला की मला, कळलं नाही. "मी त्याला नको ते बोलले. नंतर एकटी बसले की ऐकू यायला लागलं. काच फुटायच्या आधी तो ओरडत होता. थांबा, ठेवतोय तो, थांबा. मी ऐकलं होतं. मला कुणी विचारलंच नाही. तो दोनदा घरी येऊन गेला म्हणे, मी दार उघडलं नाही. त्याला एवढं सांगायचं होतं, की मी ऐकलं होतं."

"आजी, दालन बंद करायची वेळ झाली," पहारेकरी म्हणाला. वाईट पोरगा नव्हता. त्याने तिला पायरीपर्यंत हात दिला.

मी ढाल आहे. मला गोळी अडवता येते, निरोप पोचवता येत नाही. तेवढं तुम्ही करा. एखाद्या गावात, मुलीच्या घरी राहणारा, डावा खांदा खाली आलेला, लंगडत चालणारा कुणी म्हातारा तुम्हाला दिसला, तर त्याला थांबवा. चौकशी, पदक, पाटी, यातलं काही बोलू नका, ते त्याला माहीत आहे. फक्त सांगा की मावशी आल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.